मडीचे लुगडे वाळेपर्यंत

१४ जुलै, सोमवार
पाऊस. मुनिमहाराज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आले. चातुर्मास निपाणीतच, दिवाळीपर्यंत. इंदुमतीने आज घरात चौका, म्हणजे मुनींच्या आहाराचा सोवळ्यातला स्वयंपाक, लावला, शेजारच्या शांताक्का बरोबरीला. नियम मला ठाऊक आहेत, तरी पुन्हा ऐकवण्यात आले. पाणी आडाचे, गाळून उकळलेले. पीठ घरचे. अंगावर मडी, म्हणजे धुतल्यावर कोणाचाही स्पर्श होऊ न देता वाळवलेले लुगडे. या हवेत ‘वाळवलेले’ हे विशेषण केवळ उपचाराने लागू पडते. दोघी पहाटेपासून ओलसर कापडात उभ्या.

महाराज कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या गल्लीत गेले. मनात एक विधी धरून ते निघतात, अमुक दिसले तरच थांबायचे. काय धरले ते बाहेर कोणालाच कळत नाही. आम्ही दोघे कलश घेऊन दारात उभे होतो. इं. म्हणाली, “आज पहिलाच दिवस हाय.”

महाराज म्हणजे गृहस्थपणीचा बाळू, इं.चा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. दीक्षेनंतर नाते संपते, हे तिला मान्य आहे. निदान ती तसे म्हणते. तिचे साध्य एवढेच की त्यांच्या ओंजळीत एकदा आपल्या हातचा घास पडावा. दिवाळीनंतर महाराज विहार करतील, पायी पुढच्या गावी जातील. आमची वये पाहता ते पुन्हा या बाजूला येतील तेव्हा दारात आम्ही असू, असे मानण्यास आधार नाही.

२६ जुलै, शनिवार
महाराज अद्याप आमच्या दारी थांबलेले नाहीत.

सकाळी चुलीपाशी शांताक्काला इं.शी बोलताना ऐकले, “वैनी, कमरंला लई खाजवताय.”
“मुंग्या चावल्या गं.”
“मुंग्या बऱ्या तुमालाच चावत्यात. मी काय कडू हाय व्हय?”

संध्याकाळी विचारले. आधी नकार, मग तिने निऱ्यांखालची जागा दाखवली. गजकर्ण. वाटोळे, कडा उठलेली, कमरेभोवती बरेच पसरलेले. औषधाच्या दुकानातून आणलेली ट्यूब ती लपून लावत होती. ट्यूबने खाज थांबते आणि वर्तुळ वाढते. खाज थांबली म्हणजे रोग थांबला, हे तिचे अनुमान. व्याप्तीच चुकीची, तर्कशास्त्राच्या वर्गात मी म्हणत असे तसे.

लपवण्याचे कारण साधे आहे. चर्मरोग असलेल्याने आहार द्यायचा नाही. “शांताक्काला कळलं तर ती मला चौक्यात घ्यायची न्हाई,” इं. म्हणाली. मी म्हटले, न घेणे योग्यच ठरेल. तिने पाठ फिरवली.

३० जुलै, बुधवार
बेळगावी, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. तरुण, नेमक्या बोलणाऱ्या. ट्यूब पाहून त्यांनी ती थेट टोपलीत टाकली. आत स्टिरॉइड होते म्हणे. ते खाज दाबते आणि बुरशीला मोकळे रान देते. त्यांनी विचारले, “आज्जी, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?” इं. म्हणाली, “बी.पी.ची एक.” नाव सांगितले. उत्तर खरे होते.

इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल, जेवणानंतर, महिनाभर. मलम. कोरडे कपडे. निघताना बाई म्हणाल्या, “ओल्या कापडात उभं राहायचं नाही.” इं.ने मान हलवली. ती मान कशासाठी हलली ते मी लिहून ठेवत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार
कॅप्सूलचे टरफल जिलेटिनचे, जिलेटिन हाडांचे. इं. कॅप्सूल उघडते, टरफल कागदात गुंडाळून टाकते आणि आतले दाणे तूपभातात कालवून घेते. बेळगावला फोन केला. बाई म्हणाल्या, तसे करायचे नसते, परिणाम कमीजास्त होईल. पण अजिबात न घेण्यापेक्षा बरे.

जेवताना इं.ने प्रश्न टाकला, “बुरशी म्हंजे जीवच की. मी रोज तुपाबरोबर किती मारत आसंन?”
मी : जीव आहे, एकेंद्रिय. पण हिंसेचे चार प्रकार तू पाठशाळेत शिकलीस. ही विरोधी हिंसा. चालून आलेल्याचा प्रतिकार. गृहस्थाला ती क्षम्य आहे.
ती : “ती चालून आली न्हाई. मी ओल्या लुगड्यात बसवून घेतली तिला.”

मुद्दा नोंदवून ठेवतो.

१० ऑगस्ट, रविवार
गुण स्पष्ट आहे. कडा विझत आल्या. इं. प्रसन्न. तिने स्वतःहून शांताक्काला सांगितले आणि पूर्ण बरी होईपर्यंत चौका शांताक्काच्या घरी हलवला. शांताक्का म्हणाल्या, “मला पयल्या दिवशीच कळलंतं. मुंग्या म्हनं.”

दुपारपासून इं.चा उजवा अंगठा सुजला. जुने दुखणे, युरिक ॲसिड. पाऊल टेकवत नाही. कपाटातली सांध्याची गोळी काढून तिने सुरू केली. कोल्चिसिन. दुखणे उठले की चारपाच दिवस घ्यायची, असे इथले डॉक्टर सागर यांनी मागेच सांगून ठेवले आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
काल दुपारपासून जुलाब, आज उलट्याही. शांताक्काचे निदान : “पावसाळ्यातलं पानी.” पण आमच्या घरी पाणी गाळून उकळलेले असते. त्या म्हणाल्या, “मग नजर.”

सूर्यास्तानंतर पाणी नाही, हा इं.चा नियम. ओठ कोरडे पडले आहेत. मी विनंती केली. ती म्हणाली, “सकाळी पिते की.”

१४ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी खाटेवरून उठताना तिचे पाय दुमडले. शांताक्काच्या मुलाच्या गाडीतून दवाखान्यात. डॉ. सागर माझे जुने विद्यार्थी, अनुमानाच्या तासाला मागच्या बाकावर असत. त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून घेतल्या. कॅप्सूल आणि सांध्याची गोळी शेजारी शेजारी ठेवली.

“सर, ही दोन एकत्र कुणी दिली?”
कोणीच दिली नाहीत. एकेक वेगळी दिली गेली. एकत्र ती आमच्या घरात आली.

त्यांचे स्पष्टीकरण असे. मूत्रपिंडे आधीच मंद, क्रिएटिनीन वर्षभर दीडच्या आसपास. म्हणून युरिक ॲसिड साठते, म्हणून अंगठा. सांध्याची गोळी शरीराबाहेर जाण्याच्या वाटा दोन. एक मूत्रपिंडाची, ती अरुंद. दुसरी यकृताची, ती कॅप्सूलने अडवली. गोळी आत साठत गेली, तिचे विष झाले. जुलाबांनी पाणी गेले, त्यात रात्रीचे पाणी नाही. आज क्रि. ३.१, युरिक ॲसिड १०.४.

दोन्ही औषधे बंद. सलाईन. पुढचे काही दिवस रक्तातल्या पेशींवरही लक्ष.

दिवेलागणीला इं.ने डोळे उघडले, बाटलीकडे पाहिले आणि मला विचारले, “हे चालतंय का? दिवस मावळला.”
मी म्हटले, नियम मुखाने घेण्याचा आहे. हे मुखाने जात नाही. सबब नियमभंग होत नाही.
“नक्की?”
नक्की, असे मी म्हणालो. एरवी मी हा शब्द वापरत नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
आज महाराज शांताक्काच्या दारी थांबले. आहार निरंतराय, म्हणजे कोणतेही विघ्न न येता, झाला.

शांताक्का दुपारी दवाखान्यात आल्या. खाटेच्या पायथ्याशी बसून राहिल्या. “ज्यानं यायचं त्यो आला, आन् जिनं द्यायचं ती हितं बाटलीला,” एवढे म्हणून पदर तोंडाला लावला. इं.नेच त्यांना समजावले. मग विचारले, “काय घेतलं?”
“भाकरी, दुधी, मुगाचं वरण. तूप न्हाई घेतलं.”
“ल्हानपनीबी काढून ठेवायचा,” इं. म्हणाली. नंतर भिंतीकडे तोंड करून झोपली. झोप लागली नव्हती.

१७ ऑगस्ट, रविवार
बेळगावच्या बाईंचा प्रश्न होता ‘रोजच्या गोळ्या कुठल्या’. सांध्याची गोळी रोजची नव्हती, आणि त्या दिवशी चालूही नव्हती. म्हणून उत्तर निर्दोष. पण प्रश्नाचा हेतू होता अंगात काय काय जाऊ शकते हे जाणण्याचा. शब्द हेतूला पुरेसे नव्हते. लक्षणात, म्हणजे व्याख्येत, अशी उणीव राहिली तर मी विद्यार्थ्यांना ‘अव्याप्ती’ लिहायला लावत असे. बाईंच्या शेजारच्या खुर्चीत मी बसलो होतो. कपाटात ती गोळी आहे हे मला ठाऊक होते.

२० ऑगस्ट, बुधवार
घरी. क्रि. २.२. पेशी ठीक. पायांत शक्ती कमी, भिंत धरून चालते.

डॉ. सागर यांची बजावणी : दिवसभर पाणी, उपवास नाही, अंगठा दुखला तर आधी फोन. कॅप्सूल तूर्त नाही. त्वचेला फक्त मलम. त्याने वेळ लागेल.
“किती?” इं.ने विचारले.
“दोन महिने. जास्तही.”
तिने बोटांवर महिने मोजले. दिवाळी.

२८ ऑगस्ट, गुरुवार
दशलक्षण पर्व सुरू. इं.ने एकाशन करण्याचा मनोदय सांगितला, म्हणजे एकदाच जेवण आणि पाणीही त्याच वेळी. आमचा वाद झाला, शांतपणे.

मी : उपवासात युरिक ॲसिड वाढते. वाढले की अंगठा. अंगठा म्हणजे गोळी. गोळी म्हणजे पुन्हा दवाखाना.
ती : “तुमची साखळी बरोबर हाय. पन पर्वात मी कधी दोनदा जेवले न्हाई.”
मी : ‘आजवर नाही’ यावरून ‘पुढेही नको’ सिद्ध होत नाही.
ती : “मग तुमी सकाळी सहालाच चहा का पिताय? सातला प्या की.”

शेवटी तडजोड. जेवण एकदा, पाणी दिवसभर. यास एकाशन म्हणता येणार नाही, हे तिनेच सांगितले. मी म्हटले, नाव देऊ नये, नुसते करावे. हा युक्तिवाद नव्हे. तरी तिने तो मानला.

५ सप्टेंबर, शुक्रवार
गजकर्ण परत उठले. औषध अर्ध्यावर थांबले, हवा ओली, मलम सावकाश. कमरेवर दोन, मांडीवर एक.

उरलेल्या कॅप्सूल कपाटात कोठे होत्या ते मला माहीत होते. आज त्या तेथे नव्हत्या. विचारले.
“घेतल्या न्हाईत. जवळ ठेवल्यात.”
“का?”
“आता मी सांध्याची गोळी घेनार न्हाई. मग ह्या एकट्या चालत्याल का न्हाई, तुमीच सांगा. भांडान दोघांचं होतं. एकाला घरी बसवलं तर दुसऱ्याचा काय दोष?”

तर्क सदोष नाही, हीच अडचण. डॉ. सागर म्हणतात : मूत्रपिंड नुकते सावरते आहे, क्रि. खाली येऊन स्थिर होईपर्यंत काहीही नवे नको. बेळगावच्या बाई फोनवर म्हणाल्या : क्रि. स्थिर झाले तर पाहू, आज नाही. आणि मग इं.शी कन्नडमध्ये, “आज्जी, नीरु कुडीरी.” पाणी प्या.

मी इं.ला म्हटले, दोघांचेही उत्तर ‘आज नाही’ असे आहे. तिने कॅप्सूल माझ्या हातात दिल्या. “तुमच्या पुस्तकांत ठेवा. तितं मी कधी जात न्हाई.”

९ सप्टेंबर, मंगळवार
ओल्या मडीवर उपाय सुचला. माझी अभ्यासिका. पुस्तके एका भिंतीला सरकवली, दोरी बांधली, पंखा दिवसभर चालू. दार बंद, आत कोणी जायचे नाही, अर्थात मीही. लेखन आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

शांताक्का दारातून डोकावून म्हणाल्या, “सर, वैनींच्या लुगड्यानं तुमास्नी घराभायेर काढलं की ओ.”

बेत असा की बरी झाल्यावर पहिल्याच दिवशी कोरडी मडी तयार असावी. ‘बरी झाल्यावर’ हे अजून गृहीतक आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
दुपारी बस्तीत गेलो. महाराजांसमोर प्रश्न मांडला. नाव न घेता, सामान्य रूपात. समजा, एका श्राविकेस चर्मरोग आहे. तीव्र औषधाने तो लवकर जाईल पण तिच्या मूत्रपिंडास धोका आहे. सौम्य औषधाने उशिरा जाईल पण चातुर्मास संपेल. तिने काय करावे?

महाराजांनी पूर्ण ऐकून घेतले. म्हणाले, “देणाऱ्याला पीडा होत असेल तर तो आहार आम्हाला चालत नाही. पीडा लपवून दिला तरी नाही, पीडा ओढवून घेऊन दिला तरी नाही.”

उत्तर पूर्ण होते. मी नमोस्तु करून उठलो. पायरीशी पोचलो तोच ते म्हणाले, “दुपारी पाणी प्यायला सांगा. दिवस मावळायच्या आत, थोडं थोडं. एकदम नाही.”
मी वळून विचारले, “कोणाला?”
“ज्यांच्यासाठी प्रश्न आहे, त्यांना.”

त्यांनी डोळे मिटले होते. मुनींनी नातेवाइकांची विचारपूस करायची नसते. ती झाली, असे म्हणता येणार नाही.

इं.ला दोन्ही वाक्ये जशीच्या तशी सांगितली. दुसरे तिने पुन्हा सांगायला लावले. मग तांब्या भरून घेतला आणि थोडे थोडे प्यायली.

२७ सप्टेंबर, शनिवार
क्रि. १.८. मांडीवरचे वर्तुळ गेले. कमरेवरची दोन आहेत. कॅप्सूलचा विषय तिने काढला नाही. मी काढण्याचे कारण नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार
क्रि. १.६, युरिक ॲसिड ७.१. डॉ. सागर यांच्या मते हाच आता तिचा तळ. बेळगावच्या बाई म्हणतात, हवे असेल तर आता कॅप्सूल देता येईल, सांध्याची गोळी घरातून हद्दपार करून आणि आठवड्याने रक्त तपासून.

पुस्तकांमागून पाकीट काढून मी इं.पुढे ठेवले. तिने ते उचलले, ठेवले.
“पंधरा दिसांत काय व्हनार? मलमानं कमरंवरचं एक गेलंय, एक ऱ्हायलंय. ह्यानं मूत्रपिंड परत बिघडलं तर बाळू काय म्हनल?”

महाराजांना तिने ‘बाळू’ म्हटलेले दीक्षेनंतर मी प्रथम ऐकले. तिच्या ते लक्षात आले नसावे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
बेळगाव. उरलेल्या जागी आता फक्त फिकट डाग. बाईंनी भिंगातून पाहिले. “बुरशी गेली असावी. डाग काही महिने राहतो.”
मी विचारले, “असावी की आहे?”
त्या हसल्या. “सर, त्वचेची खरवड घेऊन तपासायला पाठवते. सोमवारी दुपारी सांगते.”

महाराज मंगळवारी, म्हणजे दिवाळीला, महावीरांच्या निर्वाणदिनी, उपवास करतील असे बस्तीत ऐकले. त्यानंतर विहाराची तयारी, आणि मधल्या दिवसांचा आहार बाहेरगावच्या मंडळींच्या चौक्यात ठरला आहे. म्हणजे आमच्या गल्लीकडे येण्याची शेवटची सकाळ सोमवारचीच. आहाराची वेळ दहाच्या आत. अहवाल दुपारी.

१८ ऑक्टोबर, शनिवार
शांताक्काला सगळे सांगितले. त्यांचा निर्णय तत्काळ. “डाग लुगड्याच्या आत. खाज न्हाई, कड न्हाई. मग न्हाईच की. हुबं ऱ्हावा.”
इं. : “आन् सोमवारी दुपारी ‘हाय’ म्हनून फोन आला तर?”
“तवर म्हाराजांचा आहार झाल्याला आसंल.”
“म्हनूनच.”

शांताक्का मला म्हणाल्या, “सर, तुमी तर आयुष्यभर हेच शिकवलंय. सांगा की काय खरं ते.”

मी सांगितले ते असे. रोग आहे, हे सिद्ध नाही. रोग नाही, हेही सिद्ध नाही. अशा स्थितीला संशय म्हणतात. संशयात कृती करू नये, असा नियम नाही. संशय लपवून कृती करू नये, असा आहे.

इं. म्हणाली, “मग लपवायचं न्हाई. तुमी उद्या बस्तीत जावा. जे डॉक्टरीणबाई बोलल्या तेवढंच सांगा. जास्त न्हाई, कमी न्हाई. ऐकूनबी आले तर आले.”

१९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी बस्तीत जाऊन तेवढेच सांगितले. महाराजांनी ऐकले. ‘हो’ म्हणाले नाहीत, ‘नाही’ म्हणाले नाहीत. मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. तो सर्वांनाच देतात.

दुपारी इं.ने स्वतः आडाचे पाणी शेंदून लुगडे धुतले, अभ्यासिकेत दोरीवर टाकले आणि दार लावून घेतले. चौक्याची भांडी मांडली. तूप काढले आणि परत फडताळात ठेवले. मध्ये मध्ये पाणी प्यायली, मला दाखवून.

आता दिवस मावळतीला आहे. पंखा चालू आहे. दाराच्या काचेतून लुगडे दिसते. हात लावून पाहता येत नाही. लावला तर मडी राहत नाही.

ती मागे येऊन उभी राहिली. “वाळलं आसंल का ओ?”
“वाळले असावे.”
“आसावं नगं. नीट बघून सांगा.”

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. काठ जड असतात, ते शेवटी वाळतात. पंख्याच्या प्रत्येक झोताबरोबर लुगड्याचा काठ दोरीपासून दूर जातो आणि परत येतो. ओला असता तर इतका हलला नसता. हे तिला सांगितले. ती काचेला कपाळ टेकून काठाकडे पाहत उभी आहे.